सोमवारचा मेंदू

अण्णांच्या अंगावर लोखंडाचा कण नसायचा. शर्टाची बटणं लाकडी, पँटला चेनऐवजी नाडी, चष्मा प्लॅस्टिकचा, पायांत रबरी चपला. मनगटावर घड्याळ नाही, गळ्यात साखळी नाही, खिशात किल्लीसुद्धा नाही. एमआरआयच्या खोलीत काम करणारी माणसं आत जाताना हे सगळं काढून ठेवतात आणि बाहेर आली की परत चढवतात. अण्णांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी काढलं ते काढलंच. मेट्रो स्टेशनच्या तपासणीच्या दारातून ते जायचे तेव्हा ते दार चकार शब्द काढायचं नाही, आणि त्यामुळेच तिथला गार्ड दचकून मान वर करायचा. "अख्ख्या बेंगळुरात न वाजणारा मी एकटाच," असं ते ज्याला त्याला सांगायचे.

"किल्ली नाही, मग घरात कसे जाता?" मी एकदा विचारलं.

"अक्का असती की घरात."

"आणि त्या कुठे बाहेर गेल्या तर?"

"जात न्हाई," ते म्हणाले आणि डबा उघडून बसले.

मी तेव्हा नुकतीच त्या संस्थेत लागले होते. आधी बेंगळुरातल्याच इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कंपनीत बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते, तिथे तीन वर्षांत जीव विटला. मानसिक आजारांत मेंदूत नेमकं काय घडतं यावर संशोधन करणारी ही संस्था जवळच होती आणि स्कॅनमधून निघणारी माहिती नीट लावून देणारं कोणीतरी त्यांना हवं होतं. पगार कमी झाला म्हणून आईने आठवडाभर अबोला धरला. ऑफिसात माझं सगळं इंग्रजी-हिंदीत चालायचं. पहिल्या दिवशी तळघराचा जिना उतरले तर खालून आवाज आला, "पुण्याच्या काय ओ तुम्ही? चपला काढा. केसातली पिन पण काढा."

मराठी ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी पिन काढायची विसरले. ती माझ्या केसांतून निसटून सरळ मशिनच्या तोंडात गेली. अण्णांनी मला जे काही सुनावलं ते अर्धं कन्नडमध्ये होतं, म्हणून वाचले. ती पिन त्यांनी एका प्लॅस्टिकच्या डबीत ठेवली आणि नव्या येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायला लागले. "ही पुणेकरांची. चुंबक कधी झोपत न्हाई." तेव्हापासून माझं नाव पुणेकर पडलं.

ते या स्कॅनरचे टेक्निशियन. वय अठ्ठावन्न. मूळचे निपाणीकडचे, घरात मराठी, शाळा कन्नड. राजाजीनगरात थोरल्या बहिणीबरोबर राहायचे, लग्न केलं नव्हतं. सगळी संस्था त्यांना अण्णाच म्हणायची, अगदी वयाने मोठे डॉक्टरसुद्धा.

निघताना कोणी विचारलं, "काय अण्णा, कसा गेला दिवस?" तर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं. "आज कशालाच काही अर्थ नव्हता. छान गेला." मला वाटायचं, म्हातारा विरक्त आहे. पुढे कळलं की ते अक्षरशः तेच म्हणत होते.

आमच्या प्रकल्पात पेशंटना मशिनमध्ये झोपवून एक साधी चाचणी करायचे. डोळ्यांसमोरच्या पडद्यावर कधी गोल उमटायचा, कधी चौकोन. गोल दिसला की तोंडातल्या नळीतून मोसंबीच्या रसाचा एक थेंब जिभेवर पडायचा. चौकोन दिसला की काहीही नाही. थोड्याच वेळात मेंदू शिकतो. मग रस पडायच्या आधी, नुसता गोल दिसला तरी मेंदूच्या तळाशी दोन्ही बाजूंचे दोन छोटे भाग जागे होतात. चौकोनाला ते ढिम्म राहतात. हा सगळा कारभार डोपामिन नावाच्या मेंदूतल्या रसायनावर चालतो.

"लोक म्हणतात डोपामिन म्हणजे मजा," अण्णा मला समजावत होते. "खोटं. मजा वेगळी. डोपामिन म्हणजे कुणीतरी आतून म्हणतंय, 'हिकडं बघ, ह्यात कायतरी हाय.' एवढंच त्याचं काम."

"आणि ते भलत्याच वेळी म्हणालं तर?"

"तर मग चौकोनात पण कायतरी असतंय. भिंतीत असतंय. शेजारणीच्या बादलीत असतंय." मग जरा हळू म्हणाले, "आमच्या अक्काला बादलीत दिसलं."

तेव्हा ते निपाणीतच होते. अक्का विशीतली. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी लाल बादली पालथी ठेवली होती. अक्का ती बघत उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत हलली नाही. ती बादली आपल्यासाठी ठेवली आहे, एवढंच तिला कळलं होतं. का ठेवली ते पुढच्या महिन्याभरात कळत गेलं. मग आवाज आले. विहिरीवर जा म्हणाले, तशी ती गेली, आणि अण्णांनी तिला काठावरून ओढून आणलं. उपचारांसाठी म्हणून ते तिला घेऊन बेंगळुरात आले ते इथलेच झाले. गोळ्यांनी ती सावरली. डोपामिनचा आवाज खाली आणणाऱ्या त्या गोळ्या. "आवाज गेले न्हाईत," अण्णा म्हणाले, "पण अक्का म्हणती, आता ते शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखे हायत. चालू असतोय, आपण कणीक मळायची."

आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टर मॅडम होत्या, म्हैसूरकडच्या, मानसोपचारतज्ज्ञ. अण्णांचं हे विवेचन ऐकलं की त्या हसायच्या. एका रसायनावर एवढा मोठा आजार टांगता आला असता तर माझं काम केव्हाच संपलं असतं, म्हणायच्या. पण चूक आहे असंही कधी म्हणाल्या नाहीत.

आता अण्णांच्या सर्वांत विचित्र सवयीकडे येते, कारण त्या बाबतीत माझं मला वाईट वाटतं. मी लागल्यावर काही महिन्यांनी त्यांना ती जडली. कॅन्टीनमध्ये बसलेलो असताना ते एकदम थांबायचे, घास हातात तसाच. मग हलक्या आवाजात विचारायचे, "लक्ष गेलं का तुमचं?"

"कशाकडे?"

"ते बघा. तीन माणसं ओळीनं पिवळ्या शर्टात."

कधी दारावर बसलेला कावळा. कधी एकामागोमाग वाजलेले दोन हॉर्न. मी म्हटलं की हो, गेलं होतं, तर त्यांचा चेहरा सैल पडायचा आणि ते पुढे जेवायचे. नाही म्हटलं तर डबा बंद. मला तो खेळ वाटला. वर मी पुण्याची, गंमत करायची संधी कशी सोडणार? मी मुद्दाम "नाही हो, कुठे काय?" म्हणायला लागले. पिवळे शर्ट मलाही ढळढळीत दिसलेले असायचे. ते माझ्याकडे बघत राहायचे आणि मग डब्याचं झाकण लावायचे. असं मी किती वेळा केलं ते आठवायला नको वाटतं.

कॉफी ते घरून आणायचे, अक्कांच्या हातची, प्लॅस्टिकच्या फ्लास्कमधून. एरवी डब्यातली भाजी जबरदस्तीने माझ्या ताटात वाढणारा माणूस, पण त्या कॉफीचा थेंब कोणाला देत नसे. "अक्कानं सांगितलंय, वाटून प्यायची न्हाई." दिवाळी होऊन काही आठवडे झाले होते. एका दुपारी ते पेशंटबरोबर आत होते, कॅन्टीन बंद होतं आणि माझं डोकं चढलं होतं. मी फ्लास्कमधून सरळ कपभर ओतून घेतली. चिकोरीची कडवट कॉफी, जरा जास्तच कडू.

तासाभराने मी खुर्चीत बसले होते आणि मला काहीच वाटत नव्हतं. झोप म्हणावी तर डोळे उघडे होते. मीटिंगमध्ये वरिष्ठांनी माझी चूक चारचौघांत काढली. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. बहिणीचा मेसेज आला, तिचं लग्न ठरलं होतं. मी तो वाचला, फोन पालथा ठेवला. मला कळत होतं की ही आनंदाची गोष्ट आहे. फक्त ती माझ्यापर्यंत पोचत नव्हती. खिडकीबाहेरचं झाड, टेबल, बहीण, सगळं एकाच मापाचं झालं होतं. तितकी शांत दुपार मी आयुष्यात पाहिली नाही, आणि तिची मला आजही भीती वाटते. तेव्हा मी समजले, बीपी कमी झालं असेल. आईला फोनवर सांगितलं तर तिने लिंबू-सरबत घ्यायला सांगितलं.

सोमवार मात्र अण्णांचा असायचा. पेशंटचा मेंदू कुठे वेगळा वागतो हे कळायचं तर निरोगी माणसाचा मेंदू शेजारी ठेवून बघावा लागतो. निरोगी माणसं सहज मिळत नाहीत. कोणाला वेळ नसतो, कोणाला त्या बोगद्यात गुदमरतं. अण्णा हाताशी होते आणि त्यांच्या शरीरात लोखंड नव्हतं. म्हणून स्कॅनर आला तेव्हापासून दर सोमवारी सकाळी आठ वाजता ते स्वतः आत झोपायचे आणि गोल-चौकोन बघायचे. त्यातून मशिनही तपासून व्हायचं आणि तुलनेचा नकाशाही मिळायचा. मशिन जुनं होत जातं, त्याची नजर थोडी बदलते. म्हणून कोणीतरी हुशारी करून ठेवली होती की हा नकाशा कायमचा ठेवायचा नाही. दर महिन्याला अण्णांच्या अलीकडच्या सोमवारांवरून नवा करायचा. मशिन बदललं तर त्याची भरपाई आपोआप होईल. माणूस बदलला तर काय, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. सोमवारच्या तपासणीचा कागद दर वेळी यायचा: सर्व सामान्य. येणारच. अण्णांना अण्णांशीच ताडून बघत होतो आम्ही.

मी आल्यापासून ते आत असले की मी बाहेर काचेमागे बसायचे. मशिनची धडधड सुरू झाली की बोलणं शक्य नसे, मधल्या विरामात इंटरकॉमवरून त्यांचा आवाज यायचा. दसऱ्याच्या आधीच्या एका सोमवारी तो आला तेव्हा मी मोबाइलमध्ये होते.

"पुणेकर. लक्ष गेलं का?"

"कशाकडे अण्णा?"

"चौकोन थांबला होता."

मी माझ्या पडद्यावरच्या वेळा बघितल्या. प्रत्येक चौकोन ठरल्याप्रमाणे दोन सेकंद. "नाही, बरोबर चाललंय सगळं."

मग ते म्हणाले, "सरी, असू दे. माझ्याकडं बघत होता असं वाटलं." आणि अगदी नेहमीच्या आवाजात, "चालू करा."

या वेळी मी चेष्टा केली नव्हती, खरं तेच सांगितलं होतं. तरी काचेपलीकडे त्या पांढऱ्या भोकातून बाहेर आलेली त्यांची पावलं दिसत होती, रबरी चपलांचे पट्टे उमटलेली, आणि मला तिथून उठून वर उन्हात जावंसं वाटलं.

संक्रांत झाल्यावर डॉक्टर मॅडमनी एक काम सांगितलं. प्रकल्प संपत आला होता, तर सगळ्यात जुने सोमवार घेऊन एक पक्का नकाशा कर आणि पुन्हा एकदा सगळं त्याच्याशी ताडून बघ, म्हणाल्या. तीन दिवसांचं काम होतं. चाचणी म्हणून मी आधी अण्णांचेच सगळे सोमवार एकापाठोपाठ लावले आणि चित्रपटासारखे पळवले.

वर्षानुवर्षं एकच गोष्ट. गोल आला की तळाशी ते दोन ठिपके उजळतात, चौकोन आला की विझलेले. मग मागच्या उगादीच्या, म्हणजे आपल्या गुढीपाडव्याच्या सुमारास चौकोनाला हलकासा उजेड दिसतो. मी मशिनचा दोष समजून मागे जाऊन बघितलं; त्याच दिवसांतल्या इतर निरोगी माणसांचे जे चार-दोन स्कॅन होते त्यांत तो नव्हता. उजेड वाढत गेला. गणपतीपर्यंत गोल आणि चौकोन सारखे झाले. दसऱ्याला चौकोन गोलापेक्षा जास्त पेटत होता. ज्याच्यामागे काही येत नाही, कधीच आलेलं नाही, त्या रिकाम्या चौकोनाकडे हा माणूस आतून टक लावून बघत होता. आणि दिवाळीनंतर एकदम अंधार. गोलालाही नाही, चौकोनालाही नाही. तीन महिने दोन्ही ठिपके विझलेले.

दुपारचे बारा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं. मी तो चित्रपट चार वेळा बघितला आणि मग पिवळे शर्ट आठवून मला रडू आलं.

डॉक्टर मॅडमनी बघितलं आणि दार लावून घेतलं. "नुसत्या स्कॅनवरून मी कोणाला आजारी म्हणत नसते," त्या म्हणाल्या. "पण हे शेवटचे तीन महिने... औषध चालू असलेल्या पेशंटचं चित्र असं दिसतं." त्यांनी अण्णांना वर बोलावलं. कन्नडमध्ये विचारलं, त्यांनी कन्नडमध्ये उत्तरं दिली. मला त्यातलं तुटक समजत होतं. मध्येच ते माझ्याकडे वळले आणि मराठीत बोलायला लागले.

"मला ठाऊक होतं. उगादीपासनं. सगळं स्वल्प जास्तच दिसाय लागलं होतं. म्हणून तर तुम्हाला विचारत होतो, लक्ष गेलं का. तुमचं गेलं असंल तर ती गोष्ट खरोखरच लक्षात येण्यासारखी. न्हाई गेलं तर माझंच."

मी सांगून टाकलं. "अण्णा, मी बऱ्याचदा खोटं बोलले. मलाही दिसायचं. गंमत करायचे मी."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. "असं काय," ते हळूच म्हणाले. "म्हणजे अर्धं खरं होतं."

"कोणाला सांगितलं का नाही?" मॅडमनी विचारलं.

"सांगून? सगळे पेशंट माझ्याशी ताडता तुम्ही. मीच नॉर्मल न्हाई तर मग नॉर्मल कोण? आणि अक्काला कोण बघणार?" मग त्यांचा चेहरा खुलला. "पण आता गेलं की ते, मॅडम. दिवाळीपासनं सगळं शांत हाय. आपोआप. मी जिंकलो त्याला."

"कुठली गोळी घेता?"

"अक्काची शपथ, एक न्हाई."

अण्णा खोटं बोलत नाहीत हे आम्हा दोघींना माहीत होतं. गोळी न घेणाऱ्या माणसाचा मेंदू गोळी घेणाऱ्यासारखा दिसत होता. ते गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "घरी कसे असतात ते बहिणीला विचारायला हवं. ती बाहेर पडत नाही, डॉक्टर म्हटलं की दार उघडत नाही, तिची औषधंसुद्धा अण्णाच चिठ्ठी दाखवून नेतात. तू मराठी आहेस. तू जा."

रविवारी सकाळी दहाला मी राजाजीनगरात गेले. जुनं बैठं घर, पुढे जाळी, जाळीवर कृष्णकमळाचा वेल. दार अक्कांनी उघडलं. बारीक, उंच, पांढरे केस घट्ट बांधलेले. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "पिनवाली पोरगी न्हवं ही? ये की. बस." अण्णा मागच्या दारी कुंड्यांना पाणी घालत होते.

मी स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले. अक्का कॉफी गाळत होत्या. आणि त्या मधूनमधून मान किंचित वळवायच्या, खिडकीकडे, तिथे कोणी बोलतंय तसं. मग परत कामाला लागायच्या. समोर पाटावर दोन स्टीलचे पेले आणि एक काचेचा. शेजारी छोटा दगडी खल, बुडाशी पांढरी भुकटी. स्टीलचा पेला पोळत होता म्हणून मी काचेच्या पेल्याला हात घातला.

अक्कांनी माझ्या हातावर फाडकन चापट मारली.

"त्यो त्याचा हाय!"

मी हात चोळत त्या पेल्याकडे बघितलं, मग खलाकडे. तोंडात तो कडूपणा आला, त्या दुपारचा. मला सगळं कळलं, आणि अक्कांना कळलं की मला कळलं.

"किती घालता?" मी विचारलं.

"माझी अर्धी. कामाच्या दिवशी थरमासात, आयतवारी ह्या पेल्यात."

"आणि तुम्ही?"

"उरलेली अर्धी."

"अहो अक्का, असं न सांगता..."

"त्यानं मला इचारलं गं," त्या खाली बसत म्हणाल्या. "दिवाळीच्या दिवशी. अंगणात उभा ऱ्हायला नि म्हणाला, 'अक्का, तुझं लक्ष गेलं का? त्यांच्या गच्चीवर लाल बादली हाय.' माझी पण बादलीच होती की. मला वळखू येतंय ते. डाक्टरला सांगितलं असतं तर त्याचं मशिन गेलं असतं. सोमवार गेला तर त्यो कशावर जगंल?"

मागच्या दारात अण्णा उभे होते. हातात प्लॅस्टिकचा मग, त्यातून पाणी त्यांच्याच पायावर गळत होतं. किती ऐकलं होतं कोण जाणे. ते आत आले आणि काचेच्या पेल्यासमोर उकिडवे बसले.

"म्हणजे ते आपोआप गेलं न्हवतं," ते म्हणाले.

अक्कांनी खल उचलून मागे सरकवला.

"तू अर्ध्यावर हायस? तीन महिने? आणि ते आवाज परत आल्यावर?"

"मला सवय हाय," अक्का म्हणाल्या. "तुला न्हाई."

मी आजवर कोणाला असं रडताना पाहिलेलं नाही. आवाज नाही, हात नाहीत तोंडावर, फक्त चष्मा खाली घसरत होता. अक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि तेवढ्यातही एकदा खिडकीकडे वळून बघत होत्या.

पुढचं सगळं मॅडमनी केलं. त्या रागावल्या तर भरपूर. न सांगता दिलेली गोळी, आपली निम्मी केलेली गोळी, दोघांपैकी कोणाचंही काहीही झालं असतं. अक्कांचं औषध पूर्वीसारखं झालं, अण्णांचं त्यांच्या स्वतःच्या नावाने, अगदी कमी मात्रेत सुरू झालं. त्या महिन्यांत आलेल्या पेशंटांचे स्कॅन मी परत ताडले. त्यावरून कोणाची औषधं ठरत नव्हती, नुसते संशोधनाचे कागद होते, एवढं नशीब. तुलनेचा नकाशा आता चाळीस माणसांच्या मेंदूंचा आहे आणि त्यांत एकही सोमवार नाही. अण्णा मुदतीआधी निवृत्त झाले. जाताना पिनेची डबी मला दिली. मनगटावर घड्याळ आलं आहे, बघून कसंतरीच वाटतं. मेट्रोच्या दारात आता तेही वाजतात.

मी महिन्या-दोन महिन्यांनी जाते. मागच्या खेपेला सोमवारची सुट्टी होती. आठच्या ठोक्याला दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसले, दोघांनी आपापली गोळी घेतली आणि एकमेकांना जीभ बाहेर काढून दाखवली. मग अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "चौकोन आता चौकोन हाय, पुणेकर," आणि कुंड्यांकडे गेले.

ते गेल्यावर मी अक्कांना विचारलं. बरेच महिने विचारायचं होतं. "त्या तीन महिन्यांत तुमचे आवाज परत आले होते ना?"

"आले की. पयल्यासारखे. अगदी कानात तोंड घालून."

"काय म्हणायचे?"

त्यांनी मागच्या दाराकडे बघितलं, अण्णा लांब आहेत याची खात्री केली.

"रोज सकाळी एकच. घालू नगंस. कॉफीत घालू नगंस, भाऊ मरंल. मी खल घेतला की सुरू." त्या काचेचा पेला धुवायला लागल्या. "आयुष्यभर त्यांनी सांगितलं ते ऐकत आले बघ. हिरीवर जा म्हणाले, गेले. जेवू नगंस म्हणाले, उपाशी ऱ्हायले. लई ताकद असती गं त्यांच्यात."

"मग?"

"मग काय? ह्या येळंला न्हाई ऐकलं," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी पेला पालथा घातला.